रजेचे पुस्तक

सरकारी नोकरीत रजा मिळवणे फार कठीण, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. माझा अनुभव थोडा निराळा आहे. दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला केंद्र सरकारच्या नोकराच्या खात्यावर पंधरा-पंधरा दिवसांची अर्जित रजा जमा होते. चार वर्षांच्या गटात गावी जाऊन येण्याची प्रवास-सवलत असते. आणि वरिष्ठांची खप्पा मर्जी झालेली नसेल, तर अर्जावर सही होण्यासही फारसा विलंब लागत नाही. खरी कठीण गोष्ट त्यानंतर सुरू होते. ती म्हणजे निघण्याच्या आदल्या रात्री फळीवरच्या पुस्तकांपुढे उभे राहून, यांतली कोणती चार बरोबर न्यावीत, याचा निर्णय करणे.

चारच का, असे कोणी विचारील. कोलकात्याहून अमरावतीस निघालेल्या माणसाच्या बॅगेत आईसाठी घेतलेली तांताची साडी, शेजाऱ्यांकरिता खजुराच्या गुळाची ढेप, भाच्यांकरिता काहीबाही, असे सर्व भरल्यावर चार पुस्तकांपुरतीच जागा उरते. हल्ली मोबाइलमध्ये हजार पुस्तके मावतात हे मला ठाऊक आहे, आणि माझ्याही मोबाइलमध्ये ती पुष्कळ आहेत. परंतु हजार पुस्तके बरोबर नेणारा मनुष्य निवड करीत नाही. तो निवड पुढे ढकलतो. चारांची मर्यादा पडली म्हणजे मात्र मनाला उत्तर द्यावे लागते. आणि त्या उत्तरात नुसत्या आवडीनिवडीपेक्षा काही अधिक गुंतलेले असते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याचाच येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथमदर्शनी हा प्रश्न नीतीचा मुळीच वाटत नाही. रजा माझी, पुस्तके माझी, डोळे माझे. मग मी काय वाचावे हे सांगणारा दुसरा कोण? हा सवाल रास्त आहे, आणि आम्हा कारकुनांच्या तोंडी तर तो विशेषच शोभतो. कारण आम्ही वर्षभर वाचतच असतो. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत टिपण्या, परिपत्रके, स्मरणपत्रे, आणि स्मरणपत्रांना दिलेली उत्तरे, पूर्वी कागदावर आणि आता संगणकाच्या पडद्यावर, आमच्या डोळ्यांखालून जातात. त्यांतली एकही ओळ आम्ही निवडलेली नसते. पुढ्यात आले ते वाचायचे, आणि वाचले त्यावर शेरा मारायचा, हा आमचा धर्म. अशा माणसाला वर्षातून पंधरा दिवस स्वतःच्या मनाने वाचण्याचे स्वातंत्र्य मिळाले, तर त्याने त्याचा उपभोग कसाही घ्यावा. त्यात नीतीची लुडबूड कशाला?

तथापि, हे स्वातंत्र्य इतके दुर्मिळ आहे म्हणूनच त्याचा उपयोग आपण कसा करतो हे पाहण्यासारखे असते. मनुष्य पुढ्यात आलेले काम कसे करतो यावरून त्याचा शिस्तशीरपणा कळतो. मोकळ्या वेळात तो कशाकडे वळतो यावरून त्याचे मन कळते. रजेच्या बॅगेतली चार पुस्तके म्हणजे ज्याच्या त्याच्या मनाचा उताराच असतो.

आमच्या मराठी मंडळींत या बाबतीत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, रजेत डोक्याला ताप नको. एखादी चांगली कादंबरी असावी, बाबुराव अर्नाळकरांच्या दोन रहस्यकथा असाव्यात, आणि दुपारी पंख्याखाली पडून त्या संपवाव्यात. दुसऱ्या पक्षाला कादंबरी वाचणे म्हणजे रजा वाया घालवणे वाटते. ज्यात काही माहिती मिळेल, इतिहास कळेल, निदान खात्याच्या परीक्षेला उपयोग होईल, असेच पुस्तक ते नेतात. पहिला पक्ष दुसऱ्याला रुक्ष म्हणतो, दुसरा पहिल्याला उनाड म्हणतो. मी दोन्ही पक्षांत काही वर्षे काढलेली असल्याने दोघांविषयीही थोडे अधिकाराने बोलू शकतो.

माहितीच्या पक्षात असताना माझ्या हातून एक गोष्ट घडली. एका मृत शिपायाच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्याकडे आले होते. जन्मतारीख, मृत्यूची तारीख, पत्नीचे नाव, मुलांची वये, सर्व काही होते. फक्त पत्नीचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले होते. मी खुलाशासाठी प्रकरण परत पाठवले. नियमाप्रमाणे माझे काहीच चुकले नव्हते. दीड महिन्याने ती बाई स्वतः कागद घेऊन आली, आणि ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली तेव्हा, हे नाव म्हणजे एक मनुष्य आहे, हे मला प्रथमच कळले. माझ्याजवळ तिच्यासंबंधी सगळी माहिती होती. ती मात्र मला माहीत नव्हती. खात्री करून घेण्यासाठी एक फोन पुरला असता. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाला हे आपोआप सुचते असा माझा दावा नाही. परंतु नावामागे मनुष्य असतो, आणि त्याला त्याचे त्याचे दुःख असते, ही सवय मनाला लावण्याचे काम कथा करते, एवढे निश्चित.

उलटपक्षी, नुसत्या कथेनेही भागत नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'अशनि संकेत' ही कादंबरी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरची आहे. १९७३ मध्ये सत्यजित राय यांनी तिच्यावर चित्रपट काढला. एका खेड्यात भिक्षुकी आणि शाळा चालवून पोट भरणारा ब्राह्मण गंगाचरण आणि त्याची पत्नी अनंगा यांच्या डोळ्यांदेखत तांदूळ दिसेनासा होत जातो, आणि शेवटी मोती नावाची एक गरीब स्त्री उपासमारीने रस्त्याकडेला मरते. ही कादंबरी वाचून ज्याच्या घशाशी हुंदका येणार नाही असा वाचक विरळा. परंतु हुंदका ओसरल्यावर मनात काय उरते? देवाने असे का केले, एवढाच प्रश्न. त्यानंतर मी अमर्त्य सेन यांचे 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' हे १९८१ चे पुस्तक मोठ्या कष्टाने वाचले. १९४३ मध्ये बंगालात जे धान्य होते ते १९४१ पेक्षा कमी नव्हते, असे त्यात आकडे देऊन दाखवले आहे. युद्धकाळात भाव भडकले, आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या हाती ते धान्य विकत घेण्याचे सामर्थ्य उरले नाही. सेन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीस लाख माणसे मेली. हे वाचल्यावर देवावरचा प्रश्न माणसांवर येतो, आणि माणसांतही तो कचेऱ्यांवर, हुकमांवर, न निघालेल्या हुकमांवर येतो. म्हणजे तो माझ्यासारख्यांच्या टेबलावर येतो. कादंबरीने मला मोतीसाठी रडवले. त्या आकड्यांच्या पुस्तकाने ती का मेली हे सांगितले. दोन्हींपैकी एकच वाचले असते तर मी एक तर असहाय राहिलो असतो, नाहीतर कोरडा.

कोरडे होण्याचे भय थोरामोठ्यांनाही वाटलेले आहे. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावर १८३१ ते १८३६ पर्यंत हिंडला. किनाऱ्यावर उतरून आत फिरायला जाताना एकच लहान पुस्तक जवळ ठेवणे शक्य असे, तेव्हा तो नेहमी मिल्टनचे काव्य निवडी. म्हणजे खडक आणि किडे पाहायला निघालेला मनुष्य खिशात कविता घेऊन जाई. हाच डार्विन १८७६ मध्ये आत्मचरित्र लिहू लागला, तेव्हा आपल्याला आता कवितेची एक ओळही वाचवत नाही, अशी कबुली त्याने दिली. कादंबऱ्या मात्र तो घरच्यांकडून वाचून घेई, आणि त्यांचा शेवट गोड असावा असा त्याचा हट्ट असे. पुन्हा आयुष्य जगावयाला मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी काही कविता वाचण्याचा आणि काही संगीत ऐकण्याचा नेम करीन, असे त्याने लिहिले आहे. कारण या आवडी गेल्या म्हणजे सुख जातेच, पण बुद्धीला आणि शीलालाही कदाचित अपाय होतो, असे त्याला वाटले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने उतारवयात केलेली ही तक्रार मला आमच्या दुसऱ्या पक्षाच्या मंडळींपुढे ठेवावीशी वाटते.

येथवर आल्यावर वाचक म्हणेल, मग प्रश्न सुटला. दोन कादंबऱ्या आणि दोन माहितीची पुस्तके न्यावीत, म्हणजे झाले. मीही पुष्कळ दिवस असेच समजत होतो. ते पुरेसे नाही हे मला ज्या प्रसंगाने कळले, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पाच वर्षांपूर्वी मी पंधरा दिवसांच्या रजेवर गावी गेलो होतो. त्या खेपेची निवड मला स्वतःलाच फार पसंत होती. दोन कादंबऱ्या, एक प्रवासवर्णन, एक इतिहासाचे आणि एक ताऱ्यांविषयीचे, अशी चारांऐवजी पाच पुस्तके मी नेली होती. त्यांत वैविध्य होते, अभिरुची होती, कोणी पाहिले असते तर मान डोलावली असती. माझे वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सकाळी चहा झाला की मी ओसरीवर खुर्ची टाकून वाचत बसे, आणि तेही आपली खुर्ची आणून शेजारी बसत. थोड्या वेळाने ते विचारीत, "काय वाचतोस?" मी पुस्तक उलटे करून मुखपृष्ठ दाखवी, आणि पुन्हा वाचू लागे. असे दोन-तीन दिवस झाल्यावर एके सकाळी मी मुखपृष्ठ दाखवण्यापूर्वीच ते म्हणाले, "वाच, वाच. मी आपला बसतो इथं."

त्या वेळी मी जी कादंबरी वाचत होतो, तिच्यात एका म्हाताऱ्याच्या एकटेपणाचे वर्णन होते. ते वाचताना माझे डोळे पाणावले होते हे मला स्वच्छ आठवते. रजा संपली, मी परत आलो. पाच महिन्यांनी वडील वारले. पुढे कोणाशी बोलताना आई सहज म्हणाली की, तू येणार म्हणून त्यांनी काय काय सांगायचे ते ठरवून ठेवले होते. काय ते आता कोणालाच ठाऊक नाही.

हा दोष पुस्तकांचा नव्हे, हे उघड आहे. पुस्तकांऐवजी मी मोबाइलमध्ये डोके घातले असते तरी तेच झाले असते. परंतु पुस्तके वाचणाऱ्याला स्वतःची फसगत कळत नाही, एवढा त्याच्यात आणि इतरांत फरक आहे. मोबाइल पाहणाऱ्याला निदान आपण वेळ वाया घालवतो आहोत अशी रुखरुख असते. माझ्यापाशी तीही नव्हती. मी कथा वाचत होतो, म्हणजे सहृदय होतो; इतिहास वाचत होतो, म्हणजे जाणता होतो. माझ्या त्या पाच पुस्तकांत सर्व प्रकार होते, पण ती पाचही मी माझ्याकरिता, माझ्या आवडीने, माझ्या मनाचा कल पाहून निवडलेली होती. पानात पाच पदार्थ असले तरी जेवणारा एकटाच असेल, तर त्याला पंगत म्हणत नाहीत. माझे वाचन असे एकट्याचे होते, आणि ओसरीवर दुसरे पान मांडायला मी विसरलो होतो.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, रजेच्या पुस्तकांत वैविध्य हवे ते पुस्तकांच्या प्रकाराचे जेवढे, त्याहून अधिक निवडणाऱ्यांचे. चारांपैकी दोन आपल्या आवडीने खुशाल घ्यावीत. परंतु एक असे असावे की जे दुसऱ्याने आपल्या हाती ठेवले आहे, आणि एक असे की जे दुसऱ्याच्या सोबतीने वाचायचे आहे. निवडीच्या स्वातंत्र्यापैकी निम्मे आपण होऊन सोडून द्यावे, असा याचा अर्थ. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण आपल्या आवडीचे पुस्तक आपल्याला बहुधा आपल्याच घराच्या खोल्यांतून हिंडवून आणते. दाराबाहेर न्यायला कोणी तरी हाक मारावी लागते.

दुसऱ्याने दिलेल्या पुस्तकाने काय होऊ शकते याची दोन उदाहरणे सर्वांना परिचित आहेत. मी ती फक्त या दृष्टीने पुन्हा पाहावीत एवढेच सुचवतो. १९०४ मध्ये गांधीजी जोहान्सबर्गहून दरबानला निघाले होते. त्यांचे मित्र पोलाक त्यांना स्टेशनवर पोचवायला आले, आणि वाटेत वाचायला म्हणून त्यांनी रस्किनचे 'अन्टु धिस लास्ट' हे पुस्तक दिले. चोवीस तासांचा प्रवास. पुस्तक हाती घेतल्यावर गांधीजींना ते खाली ठेववेना, रात्री झोप येईना, आणि त्यातल्या विचाराप्रमाणे आयुष्य बदलण्याचा त्यांनी निश्चय केला. त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली. पुढे १९०८ मध्ये त्यांनी त्याच पुस्तकाचा सारांश 'सर्वोदय' या नावाने गुजरातीत दिला. गांधीजींनी स्वतः होऊन प्रवासासाठी पुस्तक निवडले असते तर ते अर्थशास्त्रावरचे हेच निवडले असते, असे मानायला आधार नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपले 'गौतम बुद्धाचे चरित्र' भेट दिले. त्या भेटीचा उल्लेख बाबासाहेबांनी पुढे, आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत केला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे घडले, त्याच्या अनेक कारणांपैकी एक धागा अशा रीतीने एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या हातावर ठेवलेल्या पुस्तकापर्यंत जातो. आपल्यापैकी कोणाच्या आयुष्यात एवढी उलथापालथ व्हायची नाही. परंतु प्रमाण लहान असले तरी रीत तीच असते.

माझ्या बाबतीत ती कशी घडली ते सांगतो. आमच्या शाखेत एक वडीलधारे बंगाली सहकारी होते. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. मला ते प्रेमाने 'बर्गी' म्हणून हाक मारीत. बर्गी हा शब्द आपल्या बारगीर शब्दावरून आलेला आहे. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. परंतु बंगालात अजूनही लहान मुलांना झोपवताना जे गाणे म्हणतात, त्यात बर्गी येतात ते मुलांना भिववायला. मराठ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता; पुढे तो बुजवून त्या जागी सर्क्युलर रोड झाला. आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावे आता त्या रस्त्याला आहेत, आणि त्याच रस्त्याने मी रोज बसने कचेरीस जातो. सहा वर्षे गेलो, पण आपण बुजवलेल्या खंदकावरून जात आहोत हे मला दादांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते.

गेल्या खेपेला रजेवर निघताना दादांना मी माझा नवा नेम सांगितला आणि म्हटले, "एक पुस्तक तुम्ही द्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लहानसे पुस्तक आणून दिले. ते होते गंगाराम नावाच्या कवीचे 'महाराष्ट्र पुराण'. त्याची पोथी १७५१ सालची आहे, आणि विषय नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांच्या बंगालवरील स्वाऱ्या. देताना दादा हसून म्हणाले, "राग मानू नका हं. 'देशेर कथा' लिहिणारे सखाराम गणेश देउस्करही तुमचेच होते, हे आम्ही विसरलेलो नाही." बंगाली वाचकांकरिता १९०४ मध्ये इंग्रजांच्या लुटीचा हिशेब मांडणारा मनुष्य मराठी होता, हे त्यांनी मला मुद्दाम आठवून दिले. नावडते पुस्तक द्यायचे तर ते कसे द्यावे, हेही मी त्यांच्यापासून शिकलो.

दुपारी हावड्याहून गाडी सुटल्यावर मी ते वाचू लागलो. भाषा जुनी, त्यामुळे गती मंद होती. आम्ही शिकलेल्या इतिहासात या प्रकरणाला 'स्वारी' असा शब्द होता. चौथाई होती, अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये भास्कररामांना तंबूत बोलावून केलेला दगा होता, आणि १७५१ च्या तहात मिळालेला ओरिसा आणि सालिना बारा लाखांची चौथाई होती. यातले काहीच खोटे नाही. परंतु गंगारामाच्या पुस्तकात गावेच्या गावे पळत आहेत. कोण कोण पळाले त्याची त्याने यादी दिली आहे. सोनार आपले तराजू घेऊन पळतो, आणि ब्राह्मण पंडित पोथ्यांचे ओझे घेऊन पळतो. पैसे द्या, पैसे द्या म्हणून होणारा छळ आहे, आणि स्त्रियांवरचे अत्याचार आहेत.

पोथ्यांचे ओझे घेऊन पळणाऱ्या त्या पंडितापाशी मी थबकलो. आदल्या रात्री मीही पुस्तके निवडीत उभा होतो. मला वेळ होता, हौस होती, बॅगेत जागा किती याचाच काय तो प्रश्न. त्याने कोणत्या पोथ्या उचलल्या असतील आणि कोणत्या टाकल्या असतील? आणि ज्यांना भिऊन तो पळाला ती माणसे माझ्या मुलखातून, नागपुराकडून आली होती. माझी गाडी रात्रभर त्याच नागपुराकडे चालली होती. सकाळी नागपूर स्टेशनवर मराठी बोलणे कानी पडले तेव्हा दर वेळी होतो तसा आनंद मला झालाच. फक्त त्या आनंदाला या वेळी थोडी लाज चिकटून आली.

पूर्वजांच्या पापांबद्दल आपण छाती पिटावी असे मला सुचवायचे नाही, आणि गंगारामाचा शब्द न् शब्द प्रमाण मानावा असेही नाही. तोही एका बाजूचा साक्षीदार आहे. परंतु परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी, ज्या लोकांत आपण राहतो त्यांच्या स्मरणात आपण कोण आहोत हे जाणून घेणे हा साध्या शेजारधर्माचा भाग आहे. आपल्या फळीवरचे पुस्तक ते आपल्याला सांगणार नाही. ते शेजाऱ्याच्या फळीवरच असते.

या सर्वावर एक आक्षेप राहतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. रजा विश्रांतीसाठी असते. तिच्यात असे परीक्षेचे ओझे घातले तर वाचनातला आनंदच जाईल. याला माझे उत्तर एवढेच की, दोन पुस्तके आपल्या आवडीची ठेवावीत असे मी आधीच म्हटले आहे, आणि ती जागा मी कोणाला देणार नाही. माझ्या बॅगेत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' जवळजवळ दर खेपेला असते. ती १९५५ ची कादंबरी मी किती वेळा वाचली याची गणती नाही. नवख्या गावी नेमणूक झालेल्या त्या तरुण मास्तराला माणसे हळूहळू आपला म्हणू लागतात, हे वाचताना बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाला जे वाटते, त्याला मी विश्रांतीच म्हणतो. परंतु विश्रांती म्हणजे केवळ आपल्या मनाच्या बिछान्यावर पडून राहणे, हे मात्र मला आता पटत नाही. वर्षभर स्वतःच्याच टेबलाशी बसून शिणलेल्या माणसाला स्वतःपासून थोडे दूर नेणारी गोष्टही विश्रांती देते.

चौथे पुस्तक होते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. आईची दृष्टी आता अधू झाली आहे. तिला बारीक अक्षर लागत नाही. १९३४ ते १९३७ या काळात भागांनी प्रसिद्ध झालेले ते पुस्तक मी तिला रोज दुपारी मोठ्याने वाचून दाखवले. मोठ्याने वाचताना मनुष्य पाने उलटून पुढे पळू शकत नाही, आणि ऐकणारा मध्येच बोलतो. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाची हकीकत आली तेव्हा आई हसू लागली, आणि मग तिने तिच्या आजीच्या सोवळ्याची गोष्ट सांगितली, मग माहेरच्या विहिरीची, मग बाबांच्या पहिल्या नेमणुकीची. त्या दिवशी पुस्तक चार पानांच्या पुढे गेले नाही. रजेच्या अखेरीस ते अर्धेच झाले होते, आणि अपुरे राहिलेले पुस्तक परत आणताना मला प्रथमच वाईट वाटले नाही.

परतण्याच्या आदल्या दिवशी आईने विचारले, "आणि ते बंगाली पुस्तक कसलं रे?" मी तिला गंगारामाची हकीकत सांगितली. तराजू घेतलेला सोनार सांगितला, पोथ्या घेतलेला पंडित सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, आपल्या माणसांविषयी असे ऐकून तिला वाईट वाटले असेल. मग ती म्हणाली, "मग ती माणसं परत आपापल्या गावी आली का रे?"

मला उत्तर देता आले नाही. कोलकात्यास परतल्यावर मी दादांकडे गेलो आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी चष्मा पुसला, आपल्या फळीकडे पाहिले आणि म्हणाले, "हे शोधावे लागेल." आता पुन्हा रजा मंजूर झाली आहे. दोन पुस्तके मी ठरवली आहेत, 'स्मृतिचित्रे' अर्धे उरलेले आहे, आणि चौथ्याची जागा अजून रिकामी आहे. रविवारी दादांबरोबर कॉलेज स्ट्रीटला जावयाचे आहे.